खालून भरणारा ओढा

कर्जत तालुक्याच्या दक्षिण टोकाला, भीमेकाठच्या गावांत, ओढ्याला ऑगस्टमध्ये पाणी येतं ते अनेकदा वरून नव्हे, खालून. आभाळ कोरडं आहे, माळावरची बाजरी माना टाकून उभी आहे, ओढ्याच्या वरच्या अंगाचे धोंडे उन्हात तापलेत; आणि तळाशी, तो भीमेला मिळतो तिथून, पाणी गुपचूप आत शिरतंय. आधी पात्रातली वाळू भिजते, मग वेड्या बाभळींचे बुंधे बुडतात, मग फरशीपूल. आठ दिवसांपूर्वी शेळ्या चरून गेल्या तिथे होडी तरंगेल एवढं पाणी होतं. या पाण्याला ओघ नसतो. ते नुसतं चढत राहतं.

हौशी वल्हेकऱ्यांच्या नकाशावर हा मुलूख नाही. त्यांना कर्जत म्हटलं की रायगड जिल्ह्यातलं कर्जत आठवतं, उल्हास नदी आठवते. हे आपलं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं, पर्जन्यछायेतलं. वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस झाला की लोक समाधान मानतात. तालुक्याची ओळख म्हणजे राशीनची देवी, सिद्धटेकचा गणपती आणि रेहेकुरीची काळविटं. कोरड्या माळावरच्या या प्राण्यासाठी १९८० साली इथे अभयारण्य झालं. त्याच वर्षी, भीमेच्या खालच्या अंगाला, सोलापूर जिल्ह्यात उजनी धरण पूर्ण झालं आणि काळविटांच्या तालुक्याच्या दक्षिण शिवेला पाणी येऊन टेकलं. योगायोगच, पण मोठा बोलका.

धरणाच्या भिंतीमागे तुंबून मागे सरकत येणाऱ्या पाण्याला आपल्याकडे फुगवटा म्हणतात. उजनीची भिंत सिद्धटेकपासून सरळ रेषेत साठ-एक किलोमीटरवर आहे. तिथे पाणी अडलं की ते भीमेच्या पात्रातून मागे-मागे येतं आणि वाटेतल्या प्रत्येक ओढ्यात शिरतं. खेड, गणेशवाडी, दुधोडी, भांबोरा ही गावं या फुगवट्याच्या काठावरची. अशा ओढ्यात वल्हं मारायचं तर आधी काय पाहायचं, कुणाला विचारायचं, कोणता आकडा वाचायचा, ही पाहणीच इतकी गमतीची आहे की होडी पाण्यात गेली नाही तरी दिवस वाया जात नाही.

सुरुवात आकड्यांपासून करू, कारण खरी करामत तिथे आहे. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. यातला ६३ टीएमसीहून अधिक मृत साठा, उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. वापरता येणाऱ्या पाण्यापेक्षा तळाशी राहणारं पाणीच जास्त. आता पातळी बघा. उपयुक्त साठा शून्यावर असतो तेव्हा पाणी समुद्रसपाटीपासून ४९१.०३ मीटरवर असतं आणि धरण शंभर टक्के भरतं तेव्हा ४९६.८३ मीटरवर. वजाबाकी केली की उरतात ५.८० मीटर. म्हणजे सोलापूर जिल्ह्याची शेती आणि पिण्याचं पाणी, उसाचे कारखाने, वर्तमानपत्रांतल्या रोजच्या बातम्या आणि दर उन्हाळ्यातली भांडणं, हे सगळं ज्या पाण्यावर चालतं ते दुमजली घराच्या उंचीतही मावतं. उंची एवढीशीच, मग ५३ टीएमसी बसतं कुठे? पसाऱ्यात. त्या साठ्याला त्या उंचीने भागलं तर सरासरी २६० चौरस किलोमीटर पृष्ठभाग निघतो. उजनी ही घागर नव्हे, परात आहे.

परातीत पाणी बोटभर चढलं की कडेला वीतभर पसरतं, आणि वल्हेकऱ्याला नेमकं हेच ध्यानात ठेवावं लागतं. भीमेकाठची जमीन काही ठिकाणी इतकी सपाट आहे की हजार मीटर चालावं तेव्हा दोन मीटर चढ लागतो. अशा जागी पातळी एक मीटरने वाढली तर पाण्याचा काठ पाचशे मीटर आत येतो; एक मीटरने उतरली तर तेवढाच दूर जातो. म्हणून नकाशावर ओढ्याचं तोंड दिसतं तिथे पाणी असेलच असं नाही. ओढ्याचं तोंड इथे वर्षभर जागा बदलत असतं. कोकणातल्या खाडीला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि ती चंद्र ठरवतो. इथली भरती-ओहोटी वर्षातून एकदाच, आणि ती ठरवतात सह्याद्रीतला पाऊस आणि सोलापूरची गरज.

भरतीचा वेगही कागदावर काढता येतो. उजनीत येणारं पाणी दौंडला मोजतात. भीमाशंकरहून निघालेली भीमा, जुन्नर-आंबेगावकडून येणारी घोड आणि तिला मिळालेली कुकडी, पुण्याची सगळी घाण आणि सगळा पाऊस घेऊन येणारी मुळा-मुठा, या साऱ्यांची बेरीज दौंडच्या पुलाखालून जाते. सिद्धटेक तिथून थोडंच खाली. त्यामुळे ‘दौंड येथून विसर्ग इतके क्युसेक’ ही बातमीतली ओळ भीमेकाठच्या गावांत पंचांगासारखी वाचतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटरच्या आसपास. समजा दौंडला एक लाख क्युसेक पाणी धावतंय. मग एक टीएमसी जमायला दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात. उपयुक्त साठा शून्यावरून शंभरावर जायला सहा दिवस पुरेत! पातळी दिवसाला जवळपास एक मीटर चढेल. २०२४ च्या जूनमध्ये धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे मृत साठ्यातलंही ३२ टीएमसी पाणी आटलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेच धरण शंभर टक्के भरलं. त्या दोन महिन्यांत कर्जतच्या शिवारात किती थेंब पडले याच्याशी या भरण्याचा काही संबंध नव्हता. ते पाणी पडलं होतं पश्चिमेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, जिथे ताम्हिणीसारख्या ठिकाणी कर्जतच्या दहापट पाऊस होतो.

यातही एक पाचर आहे, आणि ती मला सगळ्यात मजेशीर वाटते. ताम्हिणीच्या अंगणातलं मुळशी धरण मुळा नदीवर आहे. मुळा म्हणजे भीमेचं खोरं. सरळ हिशेबाने ते पाणी दौंडमार्गे कर्जतच्या शिवेवर यायला हवं. पण टाटांच्या प्रकल्पाने ते उलट्या बाजूला, घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा. वीज करून झालेलं पाणी पुढे कुंडलिकेत जातं आणि त्याच सोडलेल्या पाण्यावर कोलाडला राफ्टिंग चालतं. कोलाडला फेसाळत्या पाण्यात आरडाओरडा करणारी पुण्याची पोरं ज्या लाटांवर उडतात, त्यातलं कितीतरी पाणी नैसर्गिक उताराने कर्जतच्या भीमेचं होतं. कर्जतच्या वाट्याला शांत पाणी आलं त्यामागे थोडं हेही आहे.

पाहणीला निघण्याआधी घरबसल्या बरंच पाहता येतं. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि त्यांची चित्रं कुणालाही फुकट पाहता येतात. चित्रातला एक ठिपका दहा मीटरचा. ओढा पंधरा-वीस मीटर रुंद फुगला असेल तर तो काळ्या रेघेसारखा दिसतो. काळा का? जवळचा अवरक्त प्रकाश पाणी गिळून टाकतं, परत पाठवत नाही. हिरवं पान तोच प्रकाश जोरात परतवतं. त्यामुळे त्या रंगपट्ट्यात ऊस लालभडक दिसतो आणि पाणी काजळासारखं. फसगत होते ती जलपर्णीने. ओढ्याच्या तोंडाशी जलपर्णीचा गालिचा साचला असेल तर उपग्रहाला तिथे शेत दिसतं. मागच्या महिन्यात काळं होतं ते या महिन्यात लाल झालं आणि शेजारी ऊस लावायला जमीनच नाही, तर समजावं, रस्ता बंद आहे. जलपर्णीत अडकलेली कायाक पुढेही जात नाही आणि मागेही. वल्हं पाण्याला लागतच नाही.

दुसरा एक नकाशा युरोपीय आयोगाच्या संशोधकांनी केला आहे. १९८४ पासूनची लँडसॅटची लाखो चित्रं एकावर एक रचून त्यांनी पृथ्वीवरच्या तीस-तीस मीटरच्या प्रत्येक चौकोनात किती काळ पाणी होतं ते रंगाने दाखवलं. उजनीच्या मधोमध गडद निळं, म्हणजे जवळजवळ कायम पाणी. कडेला, आणि कर्जतच्या बाजूला वर सरकावं तसतसे फिके, गुलाबी चौकोन, म्हणजे कधी पाणी, कधी माती. कर्जत फुगवट्याच्या शेपटीला आहे. शेपूट सर्वांत शेवटी भिजते आणि सर्वांत आधी सुकते. भिगवणच्या समोर पाणी पसरलेलं असतं तेव्हा इथल्या ओढ्यांत ढेकळं निघालेली असतात. हे एक चित्र पाहिलं की इथले शेतकरी उजनीतून खाली सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या आवर्तनावर इतके का चिडतात ते न सांगता कळतं.

पण उपग्रहाला गाळ दिसत नाही. त्यासाठी जायलाच हवं.

पुण्याकडून येणाऱ्याला भिगवण सोडलं की अमरापूर-भिगवण रस्ता खेडजवळ भीमा ओलांडून कर्जत तालुक्यात घेऊन येतो. पुलावर थांबून दोन्हीकडे बघावं. पाणी पुलाखाली पसरून उभं असेल तर फुगवटा इथवर आहे. मधोमध वाहणारा पट्टा आणि कडेला भेगाळलेली माती असेल तर ओढे विसरावेत. पुढे काठाकाठाच्या गावांत विचारत जायचं. ‘ओढ्यात पाणी आहे का’ असं विचारून उपयोग नाही. ‘पाण्याची हद्द कुठवर येते, दादा?’ असं विचारलं की कुणीतरी हात करून एखादं लिंबाचं झाड दाखवतं, ‘औंदा बुंध्याला लागलं हुतं, पाव्हणं’ म्हणतं आणि धरण कोणत्या साली किती टक्के होतं तेही तोंडपाठ सांगतं. धरणासाठी संपादित झालेली जमीन पाणी ओसरलं की उघडी पडते, तिच्यात गाळपेर होते. अशा माणसाला एका वितीचा फरकही कळतो, कारण त्याचं पीक त्या वितीवर असतं.

त्याच माणसाची परवानगीही घ्यायची. ओढ्यापर्यंत जाणारी वाट बहुतेक ठिकाणी उसाच्या फडातून, कुणाच्या तरी बांधावरून जाते. सार्वजनिक उतार म्हणजे सिद्धटेकचा घाट, किंवा मच्छीमार होड्या ओढून ठेवतात त्या जागा. धरणाच्या पाण्यावर अधिकार जलसंपदा खात्याचा आहे. माणसांची ने-आण करायला परवाना लागतो, आणि नुसती हौसेची कायाक असली तरी शाखा कार्यालयात सांगून जाणं शहाणपणाचं.

काठाशी पहिली परीक्षा गाळाची. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आक्रसते; तिच्यातल्या चिकणमातीच्या पापुद्र्यांमध्ये पाण्याचे रेणू शिरून बसतात म्हणून. पाणी उतरल्यावर वरचा थर उन्हाने कडक होतो, षटकोनी भेगा पडतात, वाटतं पक्की जमीन आहे. काठीने टोचून बघा. काठी पहिली दोन बोटं अडते, खटकन कवच फुटतं, आणि मग हातभर सरळ आत जाते, काहीच नसल्यासारखी. काठी उपसली की त्या भोकातून काळसर निळं पाणी वर येतं आणि कुजक्या अंड्यासारखा वास. हवा न मिळालेल्या गाळात जिवाणूंनी केलेला हा हायड्रोजन सल्फाइड. अशा जागी उतरलेला पाय गुडघ्यापर्यंत जातो, आणि तो काढताना चप्पल आतच राहते. मच्छीमार म्हणूनच दगडगोट्यांचा किंवा मुरमाचा काठ धरतात. त्यांच्या होड्या जिथे बांधल्या आहेत तिथेच उतरावं, नवी वाट शोधू नये.

दुसरी परीक्षा मोटारींची. फुगवट्याच्या काठाला शेकडो कृषीपंप असतात. पाणी जसं हटतं तसे शेतकरी मोटारी खाली सरकवतात, पाइप आणि केबल वाढवतात, आणि तेही पुरेनासं झालं की पाण्यापर्यंत चारी खोदतात. एप्रिल-मे महिन्यांत ओढ्यात शिरायला पाणी उरतं ते कधी कधी या चारीतच. पण तिच्यात जायचं नाही. पाण्यालगत लोंबणारी केबल, तिला मारलेला जोड, वर गुंडाळलेली चिकटपट्टी हे एकदा जवळून पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

तिसरी परीक्षा न दिसणाऱ्या गोष्टींची. फुगवट्याखाली शेतं आहेत, म्हणजे विहिरी आहेत, बांध आहेत, काटेरी बाभळी आहेत, विजेचे जुने खांब आहेत. भीमेच्या पात्रात वाळूउपशाने पाडलेले खड्डे आहेत; गुडघाभर पाण्यातून एका पावलात डोक्यावर पाणी येतं. वर पसरलेली मच्छीमारांची जाळी तर आहेतच. थर्माकोलचे तुकडे किंवा प्लास्टिकच्या बाटल्या सरळ रेषेत तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं धरून वळसा घालावा. ते कुणाचं तरी पोट आहे.

सिद्धटेकला भाविक एक गोष्ट सांगतात: भीमा कितीही भरून वाहिली तरी देवळाजवळ तिचा आवाज होत नाही. पूर्वी पूल नव्हता तेव्हा पलीकडच्या शिरापूरहून लोक होडीनेच देवाला येत. त्या नावाड्यांना हे शांत पाणी सोयीचंच असणार. श्रद्धेला धक्का न लावता यामागचं भौतिकशास्त्र सांगता येतं. वाहतं पाणी स्वतः फारसं बोलत नाही. बोलतात ते बुडबुडे. १९३३ साली मिनार्ट या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की पाण्यात कोंडलेला हवेचा बुडबुडा घंटेसारखा कंप पावतो आणि त्याचा सूर त्याच्या आकारावर ठरतो. खडकावर आपटून, फेस होऊन हवा पाण्यात मिसळली की खळखळ ऐकू येते. पात्र खोल, तळ सपाट, उतार नगण्य असेल तर हवा आत जात नाही आणि प्रचंड पाणीही मुकं राहतं. वल्हेकऱ्याने यातून दोन्ही गोष्टी घ्याव्यात. आवाज येतोय म्हणजे पुढे खडक किंवा बंधारा आहे, थांबावं. आणि आवाज येत नाही म्हणजे पाणी सौम्य आहे असं मुळीच नाही. दौंडचा विसर्ग मोठा असताना ओढ्यातलं पाणी निश्चल दिसतं, पण त्याच्या तोंडाशी, जिथे ते भीमेच्या धारेला भिडतं, तिथे एक चकाकती रेघ असते. रेघेच्या अलीकडे पाणी उभं, पलीकडे पळतं. होडीचं नाक त्या रेघेपलीकडे गेलं की क्षणात होडी आडवी फिरते.

तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला सीना आहे. तिथली तऱ्हा निराळी. निमगाव गांगर्ड्याचं धरण, त्यात भोसे खिंडीतून येणारं कुकडीचं पाणी, आणि खाली ठिकठिकाणी कोल्हापुरी बंधारे. पावसाळा संपला की पाणी अडवायला बंधाऱ्यांत बर्गे टाकतात आणि मागे लांबच लांब डोह होतात. हिवाळ्यात वल्ह्याला छान, पण बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर त्याच्या जवळही फिरकू नये: पायथ्याला पडणारं पाणी उलटं फिरून तिथेच घुसळत राहतं आणि माणसाला बाहेर सोडत नाही. सीना आपली वाटते तेवढी गरीब नाही हे सप्टेंबर २०२५ च्या महापुराने सोलापूरपर्यंत सगळ्यांना दाखवलं.

राहिली वेळ. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भीमेला पूर असतो, म्हणून नको. फेब्रुवारीनंतर इथलं पाणी मागे हटू लागतं, पुढे उन्हाने हिरवं पडतं, आणि उघड्या चिखलावर रोहित पक्षी उतरतात. होडी पाहून थवा उठला तर त्यांचा चारा सुटतो, म्हणूनही नको. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत, धरण भरलेलं आणि विसर्ग थांबलेला असताना, सकाळी वारा उठण्याआधीचे तीन तास हीच या ओढ्यांची खरी वेळ. तेव्हा बाभळींच्या शेंड्यांमधून होडी जाते, वंचक आणि खंड्या हाताच्या अंतरावर बसतात, आणि पाण्याला उतारच नसल्यामुळे जाताना जेवढा जोर लागतो तेवढाच येताना.

मे महिन्यात तर मुळीच जाऊ नका, पाणी कितीही दिसलं तरी. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी उजनीच्या पाण्यात अचानक आलेल्या वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. ती माणसं हौसेने गेली नव्हती, रोजच्या वाटेने चालली होती. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग दाटले की समोरून येणारा गार वारा दहा मिनिटांत एवढ्या उघड्या पाण्यावर लाटा उभ्या करतो. एरवीही ओढ्यात जायचं असेल तर दौंडचा विसर्ग वाचून जा, काठावरच्या माणसाला सांगून जा, एकट्याने जाऊ नका, आणि पाणी कमरेएवढं दिसलं तरी लाइफ जॅकेट अंगातून काढू नका.